कार्डावरचा रविवार

१८ जानेवारी, रविवार

दुकानात माझी हातची शुभेच्छाकार्डं खालच्या फळीवर गेली. गोंदाच्या बाटल्या आणि खोडरबरांच्या शेजारी. काचेमागची वरची फळी आता अख्खी धाकटीची.

स्टेशनरीवाले म्हणाले, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. गिऱ्हाईक आत येऊन तीच मागतं. तुमची पण जातातच."

तुमची पण. या दोन शब्दांवर मी घरापर्यंत चालत आले. दूध आणायचं विसरले.

घरी आल्यावर धाकटीने विचारलं, "काय म्हणाले दुकानवाले?" मी म्हटलं, "काही नाही, गर्दी होती."

२० जानेवारी, मंगळवार

लिहून ठेवते, कारण या घरात बाकी कुणाला आठवत नाही. तिला हे मी शिकवलं.

धाकटी म्हणजे ह्यांची धाकटी बहीण. चाळिशी उलटली तरी सगळे धाकटीच म्हणतात. मागच्या मे महिन्यात तिचा नवरा गेला. भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि ती दोन बॅगा घेऊन आमच्याकडे आली. दिवसभर खिडकीशी बसून असायची. शेवटी मीच म्हटलं, ये, बस माझ्या टेबलाशी.

ठसा वरून दाबायचा, घासायचा नाही. चिकट शाई, तिच्यावर पावडर, उरलेली पावडर कागदावर झटकून परत डबीत. मग गरम हवेची बंदूक. पावडर वितळून चकाकली की लगेच हात बाजूला, नाहीतर कागद करपतो. पहिल्या आठवड्यात तिने अकरा कागद करपवले. मी मोजले होते. तेव्हा ती मला फार आवडायची.

आता ती शाईला हातही लावत नाही. पुठ्ठ्यातून आकार कापते, तो खिडकीच्या काचेवर चिकटवते, त्यावर कागद धरून गोल टोकाच्या सळईने मागून दाबते. पांढऱ्यावर पांढरा उठाव. कार्ड उजेडात तिरपं धरलं की मगच चित्र दिसतं. मी तिला म्हटलं होतं, "लोकांना इतका वेळ कुठे असतो?"

असतो म्हणे.

२५ जानेवारी, रविवार

लेक आली होती. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी येते. लग्नाचं पक्कं झालं. मार्चच्या मध्यात, नोंदणी पद्धतीने, एका छोट्या हॉलमध्ये. मुलगा तिच्याच ऑफिसातला, दोनदा घरी येऊन गेलाय. चांगला आहे. ताट स्वतः उचलून ठेवतो.

म्हणाली, "पत्रिका छापायच्या नाहीत. घरीच कार्डं करायची. सत्तर पुरतील."

मी उठून नमुन्यांचा खोका काढलासुद्धा. सोनेरी गुच्छ, लाल रिबिनीचा, चंदेरी वेलीचा. तिने सगळे हाताळले. मग म्हणाली, "आई, तू नको दमूस. तुला बाकीचं किती बघायचंय. कार्डं आत्या करेल."

"मला नाही दमायला होत."

"तुझी छानच असतात गं. पण आत्याची आमच्यासारखी आहेत."

आमच्यासारखी. हिला नऊ महिने पोटात कुणी वाढवलं, ते छापा कुठेतरी कार्डाच्या मागे.

धाकटी पटकन म्हणाली, "नको, वहिनीच करतील. मी मदत करेन." त्याचा तर जास्तच राग आला. माझं काम मला तिने द्यायचं?

मी हसून म्हटलं, "कर तूच. माझे डोळे हल्ली दुखतात." डोळे ठणठणीत आहेत.

२६ जानेवारी, सोमवार

काचेचा पेला फुटला. मुद्दाम नाही. बहुतेक.

३१ जानेवारी, शनिवार

तिने दोन खुर्च्या काढल्यात. साध्या, लाकडी, शेजारी शेजारी. एक किंचित दुसरीकडे कललेली. बस, एवढंच. बाकी सगळं पांढरं.

चांगलं आहे. इथे लिहायला काय हरकत आहे, इथे कोण बघतंय. इतकं चांगलं मला पंधरा वर्षांत सुचलं नाही.

आतला मजकूरही ती स्वतः कोरते आहे, रबरावर, उलट्या अक्षरांत. दिवसाचा तुकडा वेगळा, तारखेचा वेगळा, पत्त्याचा वेगळा. संध्याकाळी लेकीचा फोन आला. हॉल रविवारी मिळत नाही, शनिवारचा मिळालाय. पंधराऐवजी चौदा.

"काही अडत नाही," धाकटी म्हणाली. "तेवढा तुकडा नवा कोरते." आणि बसली लगेच. हे कौतुकाने बघत उभे. मी कोरायला बसायचे तेव्हा हे पेपर वाचायचे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकराच्या सुमारास ती पहिलं तयार कार्ड घेऊन स्वयंपाकघरात आली. "वहिनी, सगळी छापायच्या आधी एकदा बघता का? माझा माझ्यावर भरवसा नाही."

हात पुसून मी कार्ड घेतलं. उघडलं.

रविवार, १४ मार्च.

पहिल्याच नजरेत दिसलं. तारीख नवी कोरली होती, दिवस जुनाच राहिला होता. कॅलेंडर तिच्या मागे भिंतीवर, हाताच्या अंतरावर.

मी कार्ड तिरपं धरलं. खुर्च्या बघितल्या. मुद्दाम वेळ घेतला. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. दहा वेळा सांगता आलं असतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"तुम्ही बघितलंत म्हणजे झालं," असं म्हणून ती गेली.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगायचं ठरवलं होतं. ती काम करताना शिट्टीवर गाणं वाजवत होती. आली तेव्हापासून पहिल्यांदाच. नाही सांगितलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

सत्तर झाली. पलंगावर, फ्रिजवर, ह्यांच्या टेबलावर, जिथे जागा मिळेल तिथे कार्डं. पायही जपून टाकावा लागतो. हे म्हणाले, "आपल्या घरात असं काही होईल असं वाटलं नव्हतं." पंधरा वर्षं याच घरात, याच टेबलावर मी काय चिंचोके खेळत होते?

लेक येऊन बघून गेली. आत्याच्या गळ्यात पडली. कार्ड उघडून वाचलं, मिटलं, परत उघडलं. तिला दिसलं नाही. ह्यांना दिसलं नाही. सगळे खुर्च्याच बघतात.

तिघांना दिसलं नाही, मग एकट्या मलाच का दिसायला हवं होतं, अशी मी दिवसभर स्वतःची समजूत घालते आहे. पण मला दिसलं होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

ह्यांनी सगळी पाकिटं टपालपेटीत टाकली. आता माझ्या हातात काही राहिलं नाही म्हणून एकदम हलकं वाटलं. भांडी घासून होईपर्यंत टिकलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

कळलं.

ह्यांच्या जुन्या सहकाऱ्याचा दुपारी फोन. "अहो, चौदाला शनिवार आहे. यायचं कधी?" ह्यांनी लेकीला कळवलं. ती ऑफिसातून थेट इकडे. बूटसुद्धा काढले नाहीत.

धाकटीसमोर उभी राहून म्हणाली, "आत्या, एकच काम होतं. एकच." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

धाकटीने कार्ड हातात घेतलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. चेहरा कागदासारखा झाला. "चुकलं माझं," म्हणाली.

मी भाजी निवडत होते. वाटलं, आता बोलेल. वहिनींनी तपासलं होतं म्हणेल. निदान माझ्याकडे बघेल तरी. मी उत्तरही तयार ठेवलं होतं, की घाईत होते, चष्मा नव्हता. तिने एकदाही वर पाहिलं नाही.

मग लेक म्हणाली, "आईलाच द्यायला हवी होती कार्डं."

तीन आठवडे याच वाक्याची वाट बघत होते. आलं, आणि मी निवडलेलीच भाजी पुन्हा निवडत राहिले.

लेक निघाली तशी धाकटी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली. काय बोलल्या ऐकू आलं नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवस ती फोन करते आहे. यादी समोर, एकेका नावापुढे खूण. "नमस्कार, मी मुलीची आत्या बोलते. कार्डात माझी चूक झाली आहे. शनिवार आहे, रविवार नाही." प्रत्येकाला माझी चूक, माझी चूक. मी शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत ऐकते. एकोणसत्तर वेळा ऐकलं.

एकच राहिल्या. लेकीच्या पहिलीच्या बाई. कानाने कमी ऐकू येतं, फोन उचलत नाहीत. त्यांना पत्र टाकलंय.

संध्याकाळी तिने सळई, पुठ्ठे, रबर, सगळं पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "तुमचं तुमच्याकडे." टोमणा नव्हता. टोमणा असता तर भांडता आलं असतं.

१४ मार्च, शनिवार

लग्न छान झालं. सही करताना लेकीने जीभ दाताखाली धरली होती, शाळेत धरायची तशी. सगळे वेळेवर आले. धाकटी मागच्या रांगेत बसली. कुणीतरी हसत म्हणालं, "रविवारवाल्या त्या तुम्हीच का?" तीही हसली.

बाई आल्या नाहीत. लेकीने दोनदा विचारलं.

१५ मार्च, रविवार

आज आल्या.

धाकटी हॉलवर राहिलेल्या फुलदाण्या आणायला गेली होती. हॉलला कुलूप, आणि पायरीवर बाई बसलेल्या. नवी साडी, मांडीवर कागदात बांधलेलं काहीतरी. दोन बस बदलून आल्या होत्या. धाकटीने त्यांना हाताला धरून घरी आणलं.

लेक-जावई सकाळीच प्रवासाला निघाले होते. भेट झाली नाही ती नाहीच.

"पत्र आलंही असेल," बाई म्हणाल्या, "मी महिनाभर भाचीकडे होते. कार्ड तेवढं बरोबर नेलं होतं. कुणी केलं गं? रोज उजेडात धरून बघते मी."

धाकटी म्हणाली, "मीच केलं. आणि दिवसही मीच चुकवला."

बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "असू दे. माझी एवढी फेरी झाली, तुझी ओळख झाली." मी चहाचे कप घेऊन दारातच उभी. ऐंशीच्या घरातली बाई, बंद दारासमोर दोन तास. माझ्या दोन शब्दांपायी.

आज पहिल्यांदा धाकटीचं कौतुक ऐकून पोटात दुखलं नाही. तिथे दुसरंच काहीतरी बसलं होतं.

१७ मार्च, मंगळवार

धाकटी गेली. शिवणकामाच्या दुकानात काज-बटणांचं काम मिळालंय, तिथून दहा मिनिटांवर एक खोली. त्याच दोन बॅगा. ह्यांनी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "दादा, जवळच तर आहे."

मीही म्हटलं, "राहा गं." दारात उभ्या पाहुण्याला चहा विचारतात त्या आवाजात. तिलाही कळलं असणार. वाकून नमस्कार केला आणि जिना उतरली.

२० मार्च, शुक्रवार

स्टेशनरीवाल्यांचा निरोप आला. वरची फळी रिकामी आहे, कार्डं पाठवा.

दिवसभर टेबलाशी बसले. टेबल अख्खं माझं. एक गुच्छ केला, सोनेरी. नेहमी येतो तसा आला. कुणाला दाखवावा कळेना.

२२ मार्च, रविवार

निघण्याआधी एवढंच लिहिते.

लेक परत आली. जेवणं झाल्यावर तिला समोर बसवून सांगितलं. कार्ड मला दाखवलं होतं. चूक मला दिसली होती. तरी मी 'बरोबर आहे' म्हटलं होतं. एका दमात बोलले, मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

तिने समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाली, "मी त्याच दिवशी जिन्यात आत्याला विचारलं होतं, आईने बघितलं नव्हतं का. ती म्हणाली, वहिनींना मी दाखवलंच नाही. त्यांना दाखवलं असतं तर त्यांच्या नजरेतून सुटलं नसतं."

उठून तिने गाडीची किल्ली घेतली. "चल, तिच्या खोलीवर सोडते तुला."

मी म्हटलं, "नको. मी चालत जाते. एकटी."