खोऱ्याबाहेरचा तक्ता

५ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

आठवतं, शाळेत निघताना दादा तुझ्या वेण्या घालायचा? एक वर, एक खाली. सिस्टर तुला दारातच थांबवायच्या आणि तू छातीठोकपणे सांगायचीस, हीच फॅशन आहे.

गिरणीच्या आगीनंतर एकाच देहाची ओळख पटायची राहिली. माझ्या गालातून काडीवर घेतलेल्या लाळेवरून तुमच्याच लॅबनं कळवलं, हा माझा सख्खा भाऊ. मग तुझ्या सांगण्यावरून देह आमच्या हाती द्यायचा अडलाय, हे खरं का? आत्या रोज पायरीवर येऊन बसते. तिचा मुलगाही दादाच्याच पाळीला होता. आपला तरी सापडला, असं मला हायसं वाटलं गं. ते हिरावू नकोस.

माया आहेच, ती कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मलाही तो दादाच हवा आहे. पण ऐक. अहवालातली खात्री एका तक्त्यावर उभी असते. कुठली जनुकीय खूण देशात किती जणांत सापडते, ते त्यात असतं. दुर्मीळ खूण दोघांत जुळली की नातं जवळचं धरतात. तो तक्ता मीच केला, शहरांतल्या रक्तदात्यांवरून. आपल्या खोऱ्यातलं एकही माणूस त्यात नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच चार घरांत सोयरिकी केल्या. देशात दुर्मीळ ते आपल्याकडे घरोघरी. तो आत्याचा मुलगाही असू शकतो.

साहेब म्हणाले, घरच्या माणसानं यात हात घालू नये. खरंच आहे, काम लॅबमधल्या मैत्रिणीकडे सोपवलं. सोबत काड्या पाठवतेय. घराघरांतून लाळ घे, आत्याची आधी. कारण तिला स्पष्ट सांग.

रागावलीस तरी लोभ राहू दे.

धाकटी

२ एप्रिल

ती. ताईस, सा. न. वि. वि.

काड्या पोचल्या. नवऱ्यावर थुंकायचं राहून गेलं, निदान काडीवर तरी, हा तू लिहून पाठवलेला शिंपीणकाकूंचा शेरा वाचून मैत्रीण खळखळून हसली. मग तिनं निकाल पुढे ठेवला.

खोऱ्यातल्या लाळेवरून केलेल्या नव्या तक्त्यावर आपली खात्री ढासळली. आत्याशी मात्र प्रत्येक खुणेत अर्धा वाटा जुळतो. ती त्याची आई आहे.

दादाचं काही मिळालं नाही, ताई. तो काम करायचा त्या बाजूचं सगळं इतकं जळालंय की राखेतून कुणाचीच ओळख लागत नाही.

मला दूर लोटू नकोस, एवढंच मागणं.

धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस, अ. उ. आ.

तुझं पत्र मीच आत्याला वाचून दाखवलं. ती रडली नाही. माझा हात धरून म्हणाली, मग तुझा कुठे गं? मी पत्राची घडी घातली. तुझा राग आला होता. थोडा अजून आहे.

देह आत्याच्या हाती द्यावा, माझी हरकत नाही. दादासाठी आणलेलं कापड तिच्या मुलाला घालावं. दादाचे बूट आत्याच्या धाकट्याला होतील. चष्मा तू ठेव. मला त्या बाजूची राख पाठव, मूठभर. कुणाची का असेना.

ये कधीतरी, लोभ तेवढाच आहे.

ताई