डिस्कला पासवर्ड टाकू नये

हे मृत्युपत्र लिहायचं मी दिवाळीपासून टाळून राह्यलो. उद्या नागपूरला छातीचं ऑपरेशन आहे, आता टाळता येत नाही.

मी, रुपेश बंडूजी मडावी, वय सव्वीस, राहणार सेलू, जिल्हा वर्धा (कागदावर, एरवी मोटरसायकलवर), माझं डोकं ठिकाणावर आहे आणि कोणाचा दबाव नाही, असं सांगून लिहून ठेवतो की,

१. मोटरसायकल मित्र अंकितला. दुसऱ्या गिअरात अडकते. गिरडच्या चढावर अडकली तेव्हा एका म्हातारीनं मला बोलावून चहा पाजला होता, पण तो विषय वेगळा.

२. काळी हार्ड डिस्क लहान बहीण जिजाला. तिच्यात मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचा पूर्ण सोर्स कोड आहे, म्हणजे कॉम्प्युटर आतून कसा चालतो ते सगळं उघडं लिहिलेलं. शाळा मी अर्ध्यात सोडली. जे शिकलो ते हेच वाचून, मोडून. कापसाच्या वजनकाट्यांसाठी मी केलेल्या बदलांचा सोर्स तिच्यातच आहे, दुसरीकडं कुठंच नाही.

३. जो कोणी स्वतःचा पेनड्राइव्ह घेऊन येईल त्याला जिजानं कॉपी द्यावी. पैसे घेऊ नये, कोण कुठला विचारू नये. आई शेजारी विरजण देते तसं: भांडं त्याचं, विरजण आपलं. डिस्कला पासवर्ड टाकू नये.

४. जाम गावचे कॉम्प्युटर दुकानदार घनश्यामभाऊ, माझे उस्ताद. माझे बदल त्यांनी कोड कोणाला दिसू नये असं कुलूप लावून काटेवाल्यांना विकले. सोबत सोर्सही द्या, नाहीतर बिघडल्यावर लोक दुरुस्त कसं करतील, असं मी म्हटलं, तर गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "मोठा दानशूर लागून गेला. उतर पायऱ्या." उतरलो, डिस्क माझ्या पिशवीत होती. त्यांना यातलं काही मिळू नये. माझी माफीसुद्धा मिळू नये.

ठिकाण: सेलू. दिनांक: १४ डिसेंबर २०२४.
सही: रुपेश बंडूजी मडावी
साक्षीदार: नानाजी उईके (घरमालक), ज्योत्स्ना उईके (त्यांची सून)

सह्या झाल्या तोच दारात घनश्यामभाऊ. ऐन हंगामात काटे बंद पडले म्हणतात, गाड्या उभ्या आहेत. हातात पेनड्राइव्ह. "माहाच हाय. रिकामा," एवढंच बोलले. जिजा दारात आडवी उभी राहून विचारते, "कोणतं कलम चालवू, दादा?"

तीन चालव. चारमधलं 'काही मिळू नये' खोडलं आहे; माफीची ओळ तशीच ठेवली आहे. नानाजी, इथं पुन्हा सही करा.