डावा कोपरा

४ ऑगस्ट, सोमवार
मुलींची कबड्डीची टीम ठरली. डाव्या कोपऱ्याला नववीतली श. (पूर्ण नाव इथेही लिहीत नाही.) अंगाने काडी, पण एकदा पाय धरला की चढाईवालीची सुटका नाही.

शाळा सुटल्यावर तिची आई आली. नौपाड्यात पोळीभाजी केंद्रात कामाला असते, तिथून थेट. म्हणाली, हिला टीममधून काढा. का, विचारलं तर स्वतःच उठून स्पोर्ट्सरूमचं दार लोटलं. श. ला जन्मापासून एचआयव्ही आहे. वडील त्यातच गेले. लहानपणापासून सरकारी गोळ्या चालू, तब्येत ठणठणीत. श. ला स्वतःला सहावीपासून माहीत आहे. शाळेत कुणालाच नाही.

"तिला काय नाय व्हायचं हो बाई. दुसऱ्या पोरीला झालं तर? आणि कळलं तर शाळाच सुटेल तिची."

बघते म्हटलं. काय बघणार, कप्पाळ.

५ ऑगस्ट
आज घाण केली मी. प्रॅक्टिसला श. चा गुडघा सोलवटला. मी पेटी घेऊन धावले आणि आधी हातमोजे चढवले. इतकी वर्षं पोरींची रक्तं उघड्या हाताने पुसली, मोजे पेटीत पडून. तिने मोज्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. कापूस माझ्या हातातून काढून घेतला, स्वतःच पुसलं आणि गेली. पाणीही प्यायली नाही.

रिक्षात रडू आलं. ड्रायव्हरने आरशातून बघितलं, बघू दे.

८ ऑगस्ट, शुक्र.
त्या दिवसापासून श. ग्राउंडवर फिरकलेली नाही.

हाफ डे टाकून सरकारी हॉस्पिटलात गेले. तिथल्या समुपदेशक मॅडमना नाव न सांगता सगळं विचारलं. गोळ्या नियमित असतील तर बिनधास्त खेळू दे, म्हणाल्या. घाम, पकड, एकाच बाटलीतलं पाणी, ह्याने होत नाही. रक्त आलं तर खेळाडू बाहेर, मोजे घालून जखम धुवायची, झाकायची, मग आत. आणि हे सगळ्यांनाच, कारण कुणाच्या रक्तात काय आहे ते बघून कळत नाही. कुणाला सांगायचं की नाही हे मुलीने आणि आईने ठरवायचं, शाळेने नाही.

मग त्यांनी विचारलं, "बाकीच्या मुलींना लागलं की मोजे घालता?"



संध्याकाळी श. च्या आईला फोन. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, खेळू दे मग, पण कुणाला कळता कामा नये.

११ ऑगस्ट
नवा नियम सांगितला. रक्त कुणाचंही असो, मोजे. पोरी फिदीफिदी. कॅप्टन तन्वी म्हणते, "बाई, ऑपरेशन आहे का?" ओरडले तिला.

मधल्या सुट्टीत श. ला जिन्यात गाठलं.
"आईने सांगितलं ना तुम्हाला?"
"हो."
"म्हणून मोजे."
"चुकलं माझं. आता सगळ्यांना घालणार."
"कीव म्हणून टीममध्ये नका घेऊ."

राग आला, खरंच. म्हटलं, अगं बये, डाव्या कोपऱ्याला दुसरी उभी करून बघितली, नुसतं भगदाड. कीव माझी कर. हसली, थोडीशीच. पण संध्याकाळी ग्राउंडवर हजर.

१८ ऑगस्ट, सोम.
मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये गेलेले. आठवी-नववीला एचआयव्हीवर सेशन घेऊ, हॉस्पिटलच्या मॅडम यायला तयार आहेत, असं सांगितलं. मो. बाई म्हणाल्या, पालक बोंब मारतील. मग चष्म्यावरून बघत, "आपल्या शाळेत आहे का कुणी?"

म्हटलं, "असो नसो. कुणी असल्याशिवाय शिकवायचं नाही का?"

पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, गणपतीनंतरची तारीख घ्या. आणि मुलं-मुली एकत्र बसवा, वेगवेगळं बसवलं की नुसते चाळे. ह्या बाईने असं म्हणावं! उगाच घाबरून होते इतके दिवस.

२१ ऑगस्ट
तन्वीचं नाक फुटलं. मी पेटी उघडायच्या आत श. मोजे घेऊन माझ्यापुढे उभी. नियम म्हणजे नियम, म्हणते.

९ सप्टें., मंगळ.
सेशन झालं. हॉल भरलेला, पंखे बंद पडलेले. प्रश्न चिठ्ठीवर लिहा म्हटलं होतं. डास चावला तर? उष्टं खाल्लं तर? मॅडमनी न हसता एकेक उत्तर दिलं.

सगळ्या चिठ्ठ्या संपल्यावर श. उभी राहिली. चिठ्ठीबिठ्ठी नाही, सगळ्यांसमोर. "एचआयव्ही असलेल्या मुलीला कबड्डी खेळता येते का?"

मॅडम म्हणाल्या, "येते. आणि जिंकताही येतं." पोरांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. तन्वी मात्र वाजवत नव्हती. श. कडे बघत होती.

१० सप्टें.
उद्या मॅच. तन्वीने गाठलंच. "बाई, तिने असं का विचारलं?" म्हटलं, तिलाच विचार, आणि नीट विचार. सुटल्यावर दोघी गेटपाशी बोलत उभ्या होत्या. मग तन्वी इकडे, श. तिकडे. घरं तशी उलट दिशेलाच आहेत, तरी जीव खालीवर.

आत्ता आईचा फोन. श. ने तन्वीला सांगून टाकलं. आई चिडलीये म्हणावं तर तशी नाही, घाबरलीये म्हणावं तर तशीही नाही.

"काय म्हणाली तन्वी?"
"ते सांगत नाय. उद्या बघ म्हणते. जेवली मात्र पोटभर."

साखळी धरताना डाव्या कोपऱ्याचा हात तन्वीच्या हातात असतो. उद्या पहिल्या चढाईला स्कोअर गेला खड्ड्यात, मी तेवढंच बघणार. आईपण येतेय म्हणाली. केंद्रावर सांगून टाकलंय तिने, उद्या पोळ्या दुसरं कुणी लाटा.