घुमटांच्या माळावरून

घुमटांचा माळ, तालुका उमरगा
११ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप बिराप्पाकाकांना,

अयोध्याचा नमस्कार. तुम्ही, काकी आणि लेकरं तामलवाडीला खुशाल असाल. आई आणि मी बऱ्या आहोत. उन्हाचा ताप आत्ताच सुरू झालाय, उन्हाळा कसा जाईल कोण जाणे.

माझं अक्षर बघून तुम्हाला नवल वाटेल. आपलं येणं-जाणं तुटून किती वर्षं झाली. माझ्या बापाच्या, दादांच्या माघारी तुम्ही मेंढरं वाटून घेतली आणि काकीच्या माहेरी राहायला गेलात, त्यानंतर माझ्या लग्नालाही आला नाहीत. मी काही लिहिणार नव्हते. आई म्हणाली म्हणून लिहिते. तुम्हाला वाचता येतं, तेव्हा पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

आमच्या लोहाऱ्याच्या लोकर संस्थेनं यंदा सभासदांची सहल काढली. सहल म्हणायचं नाही, अभ्यास दौरा म्हणायचं, असं चेअरमन महारुद्रअण्णांनी गाडीत बसायच्या आधीच बजावलं. दादांच्या जागी सभासद म्हणून आईचं नाव लागलंय. ती कधी तालुका सोडून गेलेली नाही, म्हणून बालवाडीला रजा टाकून मी सोबत आले. सरहद्दीपलीकडं मेंढ्यांचं केंद्र आहे, ते बघायचं होतं. तिथं गेलो तर फाटकाला कुलूप. साहेब लग्नाला गेलेले. जाळीतून आत चार मेंढे दिसले, ते बघून अभ्यास झाला आणि गाडी माघारी फिरली.

परतीच्या वाटेवर भाकरी खायला गाडी या माळावर थांबली. हा माळ तुम्हाला सांगायला नको. तरी आता कसा आहे ते लिहिते. चार मोठे घुमट उभे आहेत, पाचव्याचं छत पडलंय. आत कमरेएवढ्या उंच ओट्यावर घडीव काळ्या दगडाच्या कबरी आहेत. बाहेर उघड्यावरही तशाच, कुणा सरदारांच्या, त्यांच्या बायकांच्या, लहान लेकरांच्यासुद्धा. लेकरांच्या कबरी पाळण्याएवढ्या आहेत. दगडावर वेलबुट्टी कोरलीय. सगळ्या जमिनीच्या वर, लांबून दिसतील अशा. घुमटात शिरलं की गार वाटतं आणि बोललेलं वरून परत ऐकू येतं. आमच्यातल्या बाप्यांनी आत जाऊन हाळ्या दिल्या, हसले, बाहेर येऊन विड्या ओढल्या.

इथं हुसेनबी म्हणून एक म्हातारी झाडलोट करते. तिचा नवरा इथला राखणदार होता, तो वारला. आईनं तिला विचारलं, "माणसं ह्या वरच्या दगडांत हायत का?"

ती म्हणाली, "नै माँ. मयत नीचे जमिनीतच हाय. वरचा दगड नुसता निशाणी. लोकांला कळावं, इथं कोण हाय म्हून."

आई त्या दगडावर हात ठेवून किती तरी वेळ उभी राहिली. मग तिनं मला विचारलं, "बिराप्पा भावजींनी सांगितलेला माळ ह्योच न्हवं?"

काका, मला ठाऊक नव्हतं. तुम्ही एवढंच सांगितलं होतं की बहात्तरच्या दुष्काळात मांजरेच्या काठाला मेंढरं नेताना वाटेत घुमटांच्या माळावर दादांना वांत्या-जुलाब लागले आणि तिथंच माती दिली. ती जागा शोधत आई धावत माळावरच्या विहिरीकडं गेली, कुंपणाकडं गेली. इकडं ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेना. महारुद्रअण्णा माझ्यावरच ओरडले, "रस्त्याच्या कडंला कोन कुठं पुरलाय हे हुडकत बसलो तर संस्थेचा दौरा कवा व्हायचा? आईला गाडीत बसीव."

आई बसली नाही. गाडी गेली. आम्ही हुसेनबीच्या घरी राहिलोय. तिचं मन मोठं आहे, पण घर लहान आहे.

तरी तुम्ही या. तुळजापूरहून उमरग्याची एसटी मिळते, फाट्यावर उतरलं की घुमट दिसतात. जागा विहिरीच्या अलीकडं की पलीकडं, एवढं दाखवून जा. आई त्याशिवाय हलायला तयार नाही.

काकींना नमस्कार. लेकरांना आशीर्वाद.

तुमची पुतणी,
अयोध्या


घुमटांचा माळ
२० फेब्रुवारी १९८३

काका,

तुमचं कार्ड मिळालं. "जागा आता ध्यानात नाही. वहिनींना घेऊन गावी जावे. लोकांत हसे करून घेऊ नये." एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

आता मीही साफ लिहिते. मागच्या पत्रात मी तुम्हाला पुरतं सांगितलं नव्हतं. पहिल्या पत्रातच सगळं लिहिलं तर तुम्ही येणार नाही असं वाटलं होतं. न लिहूनही आला नाहीतच.

जागा आम्हाला त्याच दिवशी सापडली. गाडी गेल्यावर हुसेनबीनं आईला पाणी दिलं आणि कुणाला शोधताय म्हणून विचारलं. आईनं सांगितलं, दुष्काळात माझा मालक इथं वारला, धनगर होता. हुसेनबीनं तांब्या खाली ठेवला. म्हणाली, "वो बीमार मेंढरंवाला? कोंडिबा?"

दादांचं नाव तिच्या तोंडात होतं, काका. इतक्या वर्षांनी.

मग तिनं जे सांगितलं ते असं. तुम्ही दोघं मेंढरं घेऊन आलात तेव्हा दादांना उभंही राहता येत नव्हतं. तुम्ही त्यांना मोठ्या घुमटाच्या ओसरीत, दाराच्या डाव्या अंगाला, घोंगडं टाकून निजवलंत. विहिरीत पाणी नव्हतं, माळावर काडी नव्हती, मेंढरं बसायला लागली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही मेंढरं हाकलीत आणि गेलात. दादा जिवंत होते.

हुसेनबी आणि तिच्या नवऱ्यानं त्यांना बघितलं. तिचा नवरा लांबून खांद्यावर घागर आणायचा, त्यातलं गूळ-मीठ घातलेलं पाणी ती चमच्यानं पाजायची. चार-दोन दिवस ते होते. शुद्धीवर आले की रस्त्याकडं तोंड करून निजायचे आणि "मेंढरं पोचली का?" एवढंच विचारायचे. मग बोलणं बंद झालं आणि ते गेले. हुसेनबीच्या नवऱ्यानं गावातली दोन माणसं बोलावून विहिरीपलीकडं, आता कुंपण आहे त्याच्या कडेला माती दिली. आपल्यात कशी देतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण डोक्याशी दगड रचले. कसली तरी खूण असावी म्हणून दादांची काठी वर रोवली. पुढं कुणा अधिकाऱ्यानं माळ साफ करायला लावला, तेव्हा ते दगड कुंपणाच्या पायात गेले. सरदारांच्या कबरी झाडून-पुसून ठेवल्या आणि आमच्या माणसाचे चार धोंडे उचलले.

तुम्ही माघारी आलात तेव्हा हुसेनबीच्या नवऱ्यानं ती जागा तुम्हाला दाखवली होती. तुम्ही तिथं रडलात असंही ती म्हणाली. म्हणजे जागा ध्यानात नाही हेही खोटं.

आणि घरी येऊन तुम्ही आम्हाला काय सांगितलंत? मी लहान होते, पण ते अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. दादा तुमच्या मांडीवर गेले. तुमच्या हातचं पाणी प्याले. शेवटी आईचं नाव घेतलं, "हरणाला सांभाळ" म्हणाले. आई हे सगळ्या सोयऱ्यांना सांगत आली. माझ्या लग्नात, हळदीच्या दिवशी, सगळ्या बायकांत सांगितलं. आता मला त्या बायकांची तोंडं आठवतात आणि अंगाची आग होते.

मेंढरं वाचवायला गेलात याचा मला राग नाही. तेव्हा काय दिवस होते ते मी बघितलंय. ती मेंढरं मेली असती तर आम्ही खडी फोडायला गेलो असतो, मी शाळा शिकले नसते. पण सांगायचं होतंत ना! सोडून आलो, असं दोन शब्दांत सांगायचं होतं. त्यापायी तुम्ही आम्हाला दारंच बंद केलीत. माणूस मेलं ते मेलंच, वर भाऊपण पुरलंत.

मी आईला म्हणाले, "जागा गावली, आता चल घरी." ती म्हणाली, "जागा गावली गं. आता मला मानूस पायजे."

काय करायचंय त्या माणसाचं, म्हणून मी चिडून विचारलं. तेव्हा ती म्हणाली, "हुसेनबीला त्येंचं मागचं ठावं हाय. निघताना भावजींला काय म्हनाले ते भावजींलाच ठावं."

तिला तेवढंच ऐकायचंय. रोज हुसेनबीच्या बरोबरीनं ती सरदारांच्या कबरी झाडते, विहिरीपलीकडं जाऊन बसते, आणि एसटी थांबली की उठून फाट्याकडं बघते. लोहाऱ्याहून दोनदा निरोप आला, बालवाडी बंद आहे. घरी माझे मालकही रागावलेत. मी तिला ओढून नेऊ शकते, पण नेणार नाही.

तुम्ही यायचं. नाव घेतलं असेल तर तसं सांगा, नसेल घेतलं तर तसं सांगा. पुन्हा काही रचून सांगणार असाल तर मात्र तामलवाडीतच बसा.

अयोध्या


लोहारा
७ मार्च १९८३

तीर्थरूप काका,

नमस्कार. हे पत्र हुसेनबीच्या घरच्या पत्त्यावर लिहितेय, कारण तुम्ही अजून तिथंच आहात असं कळलं. आधी लोहाऱ्यात आमची वाट बघणं झालं, आता तामलवाडीत तुमची. काकींचा माणूस काल येऊन गेला. तिकडं मेंढरांची कातरणी खोळंबलीय आणि त्या मला दोष देतात.

तुम्ही माळावर आलात त्या दिवशी मी तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. फाट्यावर उतरून तुम्ही पटका हातात घेऊन आलात, आईच्या पायाशी बसलात, तेव्हाही मला वाटलं, रडाल आणि सुटाल. रडला नाहीत, ते बरं केलंत.

आईनं विचारलं, "भावजी, निघताना काय म्हनाले?"

तुम्ही जमिनीकडं बघत म्हणालात, "वहिनी, नाव न्हाय घेतलं. म्या खोटं सांगितलं."

"ते ऱ्हाऊ द्या. काय म्हनाले?"

"म्हनाला, बिरू, ती एका डोळ्याची मेंढी गाभन हाय. तिला पायी चालवू नगस, खांद्यावर घे. आन् मागं फिरू नगस, मला हितं गार वाटतंय."

मला वाटलं, आता आई कोसळणार. ती हसली. तुम्हीही दचकलात, मी बघितलं. काय लखलखीत हसली, काका! इतक्या वर्षांत मी तिला तशी हसताना पाहिली नव्हती. डोळ्यांतून पाणी आणि तोंडात हसू. म्हणाली, "हे त्येंचं बोलनं. हरणाला सांभाळ म्हनाले, हे मला तवाच पटलं न्हवतं. उभ्या जन्मात त्येंनी माझं नाव घेतलं न्हाय. 'अगं' म्हनायचे, न्हायतर 'कुठं मेली' म्हनायचे. मरताना कसं घेतील?"

मग तिनं विचारलं, "मेंढी खांद्यावर घेतली का?"

तुम्ही म्हणालात, "घेतली. नदीपतुर घेतली. येली तिथं, कोकरू झालं."

"मग झालं," असं म्हणून तिनं तुम्हाला भाकरी वाढली.

तुमचं झालं, तिचं झालं. माझंच काही होईना, म्हणून लिहिते. दादांचे खरे शब्द तुमच्यापाशी होते आणि तुम्ही आम्हाला रचलेले दिलेत. बाप मला आठवतो तो पाठमोरा, मेंढरांमागं चाललेला. त्याचं बोलणं मला आठवत नाही. हे एवढं वाक्य तेव्हा मिळालं असतं तर मी त्याच्यावर वाढले असते. मोठ्या माणसांनी ठरवायचं, बायका-पोरांना काय सोसेल आणि काय नाही. तुम्हाला वाटलं, मेंढीचं सांगितलं तर आम्हाला वाईट वाटेल. काका, मेंढीचंच सांगायचं होतं.

हा राग जाईल की नाही, ठाऊक नाही. जाईल असं खोटं लिहीत नाही.

आम्ही एसटीत बसताना तुम्ही मागं राहिलात, येतो म्हणालात आणि आला नाहीत. आता कळलं की कुंपणाबाहेर, रस्त्याच्या बाजूला, तुम्ही ओटा बांधताय. ओढ्यातून दगड डोक्यावर आणताय आणि हुसेनबीनं नको म्हटलं तरी ऐकत नाही. अधिकारी पुन्हा येऊन काढून टाकेल ही भीती मला आहेच. आईला तशी भीती नाही. ती म्हणाली ते तसंच्या तसं लिहिते: "सरदारांगत उंच करू नगासा म्हनावं. बसून टेकता येईल एवढाच करा. वाटंनं जानारा कुनी धनगर थकला तर बसंल. आन् आटपून घरला या. तामलवाडीला जायच्या आदी लोहाऱ्याला."

मी मधे काही घातलेलं नाही. लोहाऱ्याला या, हे तिचं आहे. मीही दार उघडं ठेवते, पण तुमच्याशी लगेच बोलेन असं समजू नका. ओसरीत बसा, पाणी प्या. बोलायचं होईल तेव्हा दादा कसे बोलायचे ते मला सांगा, जेवढं आठवेल तेवढं, आणि जसं होतं तसं.

कोंडिबाची मुलगी,
अयोध्या