माडाखाली पुरलेली वार

आये, काल माझा सत्कार झाला आणि माझं डोकं सणकलं. सूत्रसंचालकाने माझं सगळं संशोधन वाचून दाखवलं: शरीराची प्रतिकारशक्ती, आतली सूज, गरोदरपण, कुठल्या परदेशी नियतकालिकात काय छापून आलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी मात्र खुर्चीत बसून तुलाच बघत होते, दांडी गावातल्या आपल्या घरामागे बांबूंवर बोंबील टांगताना. तू म्हणाली असतीस, "बरं हाय गं, पन मी इचारलेलं त्याचं काय?"

तू विचारलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. माझी बारावी झाली होती, मी शहरात शिकायला निघणार होते. चुलीवर कालवण रटरटतंय, आणि तू पहिल्यांदाच माझ्या आधी झालेल्या तुझ्या मुलाबद्दल बोलते आहेस. सातव्या महिन्यात आला आणि डोळेही न उघडता गेला. पोटुशी असून मासळीची पाटी डोक्यावर घेऊन पार बोईसरच्या बाजारापर्यंत हिंडलीस, म्हणून पोर गेलं, असं आजीने तुला चार बायकांत ऐकवलं होतं. तू रडली नाहीस. पळीने ढवळत म्हणालीस, "शिकतेस तर येवढं शिकून ये. माजंच चुकलं का, ते सांग मला." मी हो म्हटलं. त्या वयात हो म्हणायला काय लागतं!

माझी अडचण आता तुलाच सांगते, कारण इथे सांगितली की लोक मान डोलावतात आणि चहा मागवतात. बाई वेळेआधी बाळंत होते तेव्हा आत नको ती सूज का येते, हे कळायला मला बाळामागून पडणारी वार लागते. नखाएवढा तुकडा पुरतो, पण ताजा हवा. पालघरच्या एका दवाखान्यात आम्ही काम सुरू केलं. बोईसरच्या कारखान्यांत लांबून कामाला आलेल्यांच्या बायका वार देतात. एक तर हसून म्हणाली, "ले जाओ दीदी, हमारा आँगन तो गाँव में छूट गया, यहाँ कहाँ गाड़ेंगे?" पण आपल्या किनाऱ्यावरची एकही बाई देत नाही. सासू मडकं घेऊन दारात उभीच असते. वार घरी न्यायची, माडाखाली पुरायची, नाहीतर म्हणे पोराचं मन घरात लागत नाही. बरं, तुकडा काढून उरलेली परत देते म्हणावं, तर नियम आडवा येतो. तपासणीला घेतलेली वार मागाहून दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीतच गेली पाहिजे, घरी नाही. वरच्यांना विनवून झालं, भांडून झालं. इकडे आड, तिकडे विहीर. ज्यांना पुरायला अंगण नाही त्यांच्या वारेवर माझं एवढं नाव उभं आहे, आणि तुझ्यासारख्या बाईबद्दल मला काडीचंही कळलेलं नाही.

आणि मग गेल्या पावसाळ्यात बाळंतपणाला माहेरी आलेल्या दादाच्या मुलीला कळा सुरू झाल्या. सातवाच महिना. तुझंच रक्त! मी मिळेल त्या गाडीने पालघरला पोचले. मुलगी झाली, इवलीशी, लगेच काचेच्या पेटीत ठेवली. तेवढ्यात वहिनी आली, हातात मडकं. मी समजावलं, चिडले, शेवटी ओरडलेच, "वहिनी, आपल्याच घरातलं हाय हे, कळू दे ना एकदा!" ती शांतपणे म्हणाली, "ताई, पोर पेटीत हाय. तिचं कायतरी घरी असू दे." आणि खाटेवरून भाची म्हणाली, "आते, तुला पायजे तर घे. मी नाय म्हननार नाय." झालं, सगळं माझ्यावरच आलं.

नाही घेतला गं तुकडा. मडकं मांडीवर घेऊन दादाच्या टेम्पोत बसले ती थेट दांडी. वहिनीने दिवा लावला आणि खड्डा मी खणला. एवढी वर्षं जिची वाट पाहिली तिच्यावर स्वतःच्या हाताने माती लोटली. मला राग येतो आये, त्या पिवळ्या पिशवीचा, वहिनीचा, माझा, आणि तुझाही. असला प्रश्न पोरीच्या गळ्यात घालून कुणी मरतं का? पाटीमुळे काही झालं नसणार असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे कळणं नव्हे, आणि तुला खोटं सांगून गप्प बसवायचं माझ्याच्याने होत नाही.

पोर आता घरी आहे, दूध पिते, रडून घर डोक्यावर घेते. हे पत्र कुठे टाकणार, राहील खणात. एकच सांगते, ते तुझ्यापाशीच ठेव. शास्त्रात याला काही आधार नाही हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी माती लोटताना, वहिनीला ऐकू जाणार नाही असं, मी म्हटलं होतं, "घरी ये गं पोरी."