तिसऱ्या माथ्याचा फोटो

२ डिसेंबर
हर्षदचा ठाण्याहून फोन. आई, आता महाडला एकटी राहू नकोस, घर भाड्याने देऊन टाकू. मी सुनावलं, सावित्री नदीच्या पुराचं पाणी स्वयंपाकघरात शिरलं तेव्हा मी गच्चीवर दोन रात्री एकटीने काढल्या, तुझा फोनसुद्धा लागत नव्हता. म्हणाला, म्हणूनच तर. याला काय बोलायचं?

मग मीच पैज लावली. शेजारच्या सरिताचं माहेर पोलादपूरच्या डोंगरात. तिथे वाडीच्या वर तीन माथ्यांची डोंगरधार आहे. एका दिवसात तिन्ही माथे चालीन आणि तिसऱ्यावरून फोटो पाठवीन. मग ठाणे हा शब्द पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं, तर मी बॅग भरीन. मुलगा हसला. हसू दे.

३ डिसेंबर
उद्यापासून पहाटे चालण्याचा सराव.

५ डिसेंबर
गारठा फार. उद्यापासून नक्की. बूट मात्र घेतले. दुकानदार म्हणाला, आजी, मऊ चप्पल दाखवू? मी शिकले त्या कॉन्व्हेंट शाळेत आवाज चढवायला बंदी होती, म्हणून त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्याने लगेच बूट काढून दिले.

९ डिसेंबर
सराव. बाजारपेठेपर्यंत चालत गेले. येताना रिक्षा, कारण हातात भाजी होती. मला काळजी सरिताची. वजन ते केवढं! वाऱ्याने उडेल. म्हटलं, दमलीस तर माझा हात धर. म्हणाली, बरं गो.

१४ डिसेंबर, पहाटे
आजच. थर्मास, चिक्की, नी-कॅप (सरितासाठी), शिट्टी (सरितासाठी).

सकाळी, वाडीत
सरिताची वहिनी बनुबाई विचारते, देवाला चाललाव गो? कोंबडा नाय आनला? म्हटलं, नुसतं चालायला. नुसतं? तिने मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं आणि सरिताला विचारलं, हिला घरात कोन काय बोललाय का? पुढे रेंज फक्त पहिल्या माथ्यावर आहे, हेही तिनेच सांगितलं.

अकरा वाजता
हा चढ चुकीचा आहे. वाटेला वळणं द्यायची असतात हे इथे कोणाच्या गावी नाही. सरिता सारखी पुढे जाते. घाईने माणूस दमतो, हे तिला बसून समजावलं. बसले मीच, ती उभी होती. नी-कॅप मी घातली, नाहीतर तिला ओझं झालं असतं.

दुपारी, पहिला माथा
वारा उत्तम. सरिताला म्हटलं, तू हो पुढे, मी इथून लक्ष ठेवते. कोणीतरी ठेवायलाच हवं. शिट्टी माझ्याकडेच राहिली.

बऱ्याच वेळाने
विचार केला. पुढे रेंजच नाही, तर तिसऱ्यावरून फोटो पाठवणार कसा? म्हणजे इथूनच पाठवणं भाग आहे. सेल्फी काढला, हर्षदला पाठवला. खाली लिहिलं, तिसरा माथा. टेक्निकली बरोबर आहे. पलीकडून मोजलं तर हा तिसराच.

संध्याकाळी, घरी
हर्षदचा मेसेज. आई, फोटो मस्त. तुझ्या मागे दोन डोंगर दिसतायत ते कुठले? आणि त्यातल्या शेवटच्यावर लाल स्वेटर घालून हात हलवतेय, ती सरितामावशी का?

दुसऱ्याचे फोटो मोठे करून बघणं ही असभ्य सवय आहे. मी त्याला हे शिकवलेलं नाही.

१५ डिसेंबर
सरिता म्हणाली, मी सांगते त्याला, तूपण आलेलीस म्हणून. मी साफ नाही म्हटलं. माझ्या वतीने दुसऱ्या कोणी खोटं बोललेलं मला चालत नाही.

पैज म्हणजे पैज. बॅग काढली. लहानच. लहान बॅगेत महिन्याभराचेच कपडे मावतात, हे हर्षदला आपोआप कळेल. कुंड्यांना पाणी सरिता घालणार. किल्ली पुढे केली, तर तिने बराच वेळ हातात घेतलीच नाही.

२२ डिसेंबर, ठाणे
लिफ्ट बंद. हर्षद म्हणाला, आई, खालीच थांब, माणूस येतोय दुरुस्तीला. थांबतेय मी! तिन्ही मजले चढले. बसले फक्त दुसऱ्यावर. आणि पहिल्यावर. वर पोचल्यावर तिथेच जिन्यात सेल्फी काढून सरिताला पाठवला. तिसरा माथा. या वेळी खरा.

लगेच तिचं उत्तर. मागं जिना अजून वर जातोय गो.

तो गच्चीचा आहे. गच्ची मोजत नाहीत.