व्हिएन्नाच्या दारात

तेजसचे आबा,

केळीची गाडी भरायला नशिराबादेत दुसरं माणूसच नव्हतं का? उन्हाळ्यात बठ्ठंच्या बठ्ठं युरोप दोघं पाहू म्हणालात आणि ऐनवेळी मला एकटीला विमानात बसवलं. तुमच्या खुर्चीवर एका गोरीनं व्हिएन्ना येईपर्यंत पाय पसरले.

तेजसच्या दारात मी थांबले, सूनबाई भाकरीचा तुकडा ओवाळून टाकेल म्हणून. मयुरी आतूनच म्हणाली, "आई, या ना, दार आपोआप लागतं." मग पिशवीतल्या दशमीचा तुकडा मीच माझ्यावरून ओवाळला. टाकायला जागा दिसेना, तो अजून पदरात बांधलेला आहे.

फोनवर तेजस शेजारी असतो, म्हणून लिहिते. टपालात टाकायला द्यावं तर मयुरी वाचेल, म्हणून हे पत्रही त्या तुकड्याजवळ पदरातच बांधते. तरी रविवारपर्यंत सांगा, तुम्ही येता की मी माघारी निघू?

बेबाबाई,
मुक्काम व्हिएन्ना